अलार्म 'गो ऑफ' झाला म्हणजे वाजला की बंद पडला?

अर्धविराम

मंडळी, आधी माझी फजिती सांगतो, मग प्रश्न.

इंग्रजी तांत्रिक मजकूर मराठीत आणणं हा माझा पोटापाण्याचा धंदा. मध्यंतरी आग लागल्यास काय करावं याचं एक सूचनापत्रक आलं होतं, जेमतेम दोन पानांचं. त्यात लागोपाठ दोन वाक्यं होती. 'इफ द अलार्म गोज ऑफ, लीव्ह द बिल्डिंग' आणि त्याच्याच खाली 'द लाइट्स मे गो ऑफ'. दुसरं सोपं म्हणून ते आधी उरकलं: दिवे बंद होऊ शकतात. आमच्याकडे शिस्त अशी की एका मजकुरात एका शब्दाला एकच प्रतिशब्द, आणि सॉफ्टवेअरही आधी केलेलंच पुढे करत राहतं. हात त्याच ओघात गेला आणि मी लिहून मोकळा झालो: 'अलार्म बंद पडल्यास ताबडतोब इमारतीबाहेर पडा.'

म्हणजे घंटा ठणाणा वाजतेय तोवर सगळ्यांनी निवांत बसायचं आणि ती थांबली की धूम ठोकायची! दोनदा वाचूनही मला काही खटकलं नाही. तपासणाऱ्या बाईंनी त्या ओळीशेजारी नुसतं एक प्रश्नचिन्ह काढून कागद परत पाठवला. चार शब्द सुनावले असते तर बरं वाटलं असतं.

चूक सुधारली, पण किडा डोक्यात राहिला. ऑफ म्हणजे बंद, हे आपण लहानपणी बटणावर शिकलो. मग अलार्म ऑफ होऊन चालू कसा होतो? तेव्हापासून वहीत टिपत बसलोय. बंदूक गो ऑफ होते म्हणजे झाडली जाते, दूध होतं म्हणजे नासतं, माणूस होतो म्हणजे निघून जातो. समारंभ 'वेंट ऑफ वेल' म्हणजे नीट पार पडला. 'ही वेंट ऑफ विथ माय अम्ब्रेला' म्हणजे माझी छत्री घेऊन पठ्ठ्या पसार. बाळ 'हॅज गॉन ऑफ' म्हणजे बाळाला झोप लागली. एवढ्या सगळ्याला बांधणारा काही धागा आहे, की ज्याला जे सुचलं ते त्याने चिकटवलं?

खडूस

काहीही धागा नाही. पाठ करा आणि मोकळे व्हा. आम्ही तेच केलं. 'अंडरस्टँड'मध्ये कोण कशाच्या खाली उभं आहे असं कधी विचारलंत का?

चाफेकळी

खडूसकाका, तुम्ही आलात, आता धागा शंभरी गाठणार.

अर्धविराम, तुमच्या यादीत एक राहिलं, आणि ते मला सगळ्यात आवडतं. 'आय हॅव गॉन ऑफ हिम.' पूर्वी तो आवडायचा, आता नाही. भांडण नाही, राग नाही, नुसतं मन उडालं. माणसाबद्दल म्हणतात तसंच एखाद्या पेयाबद्दल, रंगाबद्दल, लेखकाबद्दल. हा ब्रिटिश वापर आहे. अमेरिकन माणूस असं सहसा म्हणत नाही, आणि दुधालाही तो 'गॉन बॅड' म्हणतो.

यात व्याकरणाची एक गंमत आहे. बाकीच्या अर्थांत 'गो ऑफ'ला कर्म लागत नाही. अलार्म गो ऑफ झाला, विषय संपला. इथे मात्र कशावरून मन उडालं ते सांगावंच लागतं, आणि बोलताना जोरही बदलतो. 'द अलार्म वेंट ऑफ'मध्ये ठसका 'ऑफ'वर येतो. 'आय हॅव गॉन ऑफ कॉफी'मध्ये तो पुढे सरकून कॉफीवर पडतो. दोन्ही वाक्यं मोठ्याने म्हणून बघा, कानाला लगेच कळतं.

बिनपाण्याचा हौद

बांधकामावर वीस वर्षं काढलेल्या माणसाकडून भर घ्या. ब्रिटिश कारागिरांबरोबर काम करायचा योग आला होता. पहिल्याच आठवड्यात त्यांच्यातला एक भिंतीवर बोट टेकवून म्हणाला, 'इट्स गॉन ऑफ.' मला वाटलं, माल बिघडला! घमेलं फेकायला निघालो. त्याने हसत थांबवलं. त्यांच्याकडे गिलावा, सिमेंट, राळ यांतलं काही 'गॉन ऑफ' झालं म्हणजे ते धरलं, घट्ट झालं, आता हात लावू नका.

दूध गेलं की टाकायचं आणि गिलावा गेला की पुढचा थर द्यायचा. क्रियापद एकच.

अर्धविराम

हौदसाहेब, दंडवत! हे कुठल्या कोशात शोधूनही माझ्या लक्षात आलं नसतं. आणि चाफेकळी, 'मन उडालं' वाचताना जरा थबकलो. उडणे. थांबा, विचार करून येतो.

अर्धविराम

आलो. आपलं 'उडणे' काय कमी आहे का? बल्ब उडाला, रंग उडाला, झोप उडाली, विश्वास उडाला. इथे होतं ते नाहीसं झालं. आणि भडका उडाला, गोंधळ उडाला, खटके उडाले, तारांबळ उडाली. इथे नव्हतं ते सुरू झालं! अलार्म आणि दिवे यांच्यात जो विरोध दिसला, तोच आपल्या घरात बसलाय आणि आपल्याला त्याचा पत्ता नाही. 'गोंधळ उडाला म्हणजे सुरू झाला की संपला' असं मराठी शिकणाऱ्या कुणी विचारलं तर आपण त्याच्याकडे बघतच राहू.

तिरकी रेघ

उडणे छान आहे, पण फार ताणू नका. 'दिवे उडाले' म्हणजे दिवे निकामी झाले. 'द लाइट्स वेंट ऑफ'मध्ये दिवे धडधाकट असतात, फक्त विझतात. आणि अलार्म तर आपल्याकडे उडतच नाही, वाजतो. साम्य आहे, जुळे भाऊ नाहीत.

खटका

मी जुनी घड्याळं दुरुस्त करतो, त्यामुळे अलार्मबद्दल बोलायचा थोडा हक्क सांगतो.

चावीचं गजराचं घड्याळ उघडलंत तर आत दोन कमानी दिसतील. एक काटे चालवते, दुसरी फक्त गजरासाठी. दुसरी पिळून ठेवलेली असते, तिच्यात जोर भरलेला असतो, हातोडी घंटेवर आपटायला तयारच असते. तिला रोखून धरते ती एक बारीक पट्टी. तासाच्या काट्याबरोबर फिरणाऱ्या चाकाची आणि तुम्ही लावलेल्या वेळेची खाच समोरासमोर आली की चाक किंचित सरकतं, पट्टीला जागा मिळते आणि हातोडीची अडवणूक संपते. पुढचा ठणठणाट ही त्या पिळलेल्या कमानीची करामत.

आता सांगा, तिथे काही 'चालू' झालं का? जे अडवून ठेवलं होतं ते निसटलं. उंदराचा सापळा घ्या, बंदुकीचा घोडा घ्या, गोष्ट तीच. आधी ताणून अडकवायचं, मग अडक निघते. म्हणून इंग्रजीत अलार्मही 'सेट' करतात आणि सापळाही, आणि दोन्ही 'गो ऑफ' होतात. दिव्याला कुणी असं ताणून ठेवत नाही, म्हणून तो 'गो ऑफ' झाला की सरळ विझतो.

चकमकीच्या बंदुकीत घोडा अर्धा ओढून ठेवायची सोय असायची. त्या स्थितीत चाप दाबला तरी बार उडू नये, अशी अपेक्षा. कधीकधी खाच झिजलेली असायची आणि बार उडायचाच. पुरती तयारी नसताना कुणी उसळला की 'गो ऑफ हाफ-कॉक्ड' म्हणतात, ते या घोड्यावरून.

चाफेकळी

खटकादादा, नावाला जागलात.

जुनी वही

खटका यांनी यंत्र उघडून दाखवलं, मी शब्द उघडते. थोडं लांबेल.

'ऑफ' आणि 'ऑव्ह' (आपण शाळेत दोन्हींना ऑफच म्हणायचो) हे मुळात एकच शब्द. जुन्या इंग्रजीत एकच रूप होतं आणि अर्थ होता 'पासून दूर'. जोर देऊन म्हटलं की एक उच्चार, ओझरता म्हटला की दुसरा. सतराव्या शतकापर्यंत त्यांची स्पेलिंगं आणि कामं कायमची वेगळी झाली. तेव्हा 'ऑफ'चा मूळ अर्थ 'बंद' नाहीच, 'दूर' आहे. 'बंद' ही बरीच नंतरची वसाहत.

आणि आता नातेवाईक बघा. जर्मन 'आब', लॅटिन 'अब', ग्रीक 'अपो' आणि संस्कृत 'अप'. सगळी एकाच मूळ शब्दाची पिलावळ. अपहरण म्हणजे दूर नेणं. पण अपकीर्ती, अपशब्द, अपभ्रंश यांत तोच 'दूर' हळूच 'वाईट' झालाय. जिथे असायला हवं तिथून ढळलं म्हणून बिघडलं. दूध 'ऑफ' जातं ते याच वाटेने. इंग्रजीला हसण्यापूर्वी एवढं लक्षात घ्या, की हे वळण आपणही घेतलंय, आणि आपला उपसर्ग त्यांच्या ऑफचा चुलतभाऊ आहे.

परक्यांना याचा त्रास होतो ही तक्रारही जुनीच. सॅम्युएल जॉन्सनने १७५५ साली कोश काढला, त्याच्या प्रस्तावनेतच म्हटलंय की क्रियापदाच्या मागे छोटा शब्द लावून अर्थ फिरवायची ही रीत इंग्रजीत इतर भाषांपेक्षा बहुधा जास्तच आहे आणि परदेशी लोकांना सगळ्यात अवघड तीच जाते. त्याला या प्रकाराचं नाव मात्र सापडलेलं नव्हतं. 'फ्रेजल व्हर्ब' हे नाव लोगन पिअर्सॉल स्मिथने १९२५मध्ये रूढ केलं आणि ते सुचवल्याचं श्रेय त्याने ऑक्सफर्ड कोशाचे संपादक हेन्री ब्रॅडली यांना दिलं. म्हणजे दुखणं जुनं आणि त्याचं बारसं विसाव्या शतकात.

तिरकी रेघ

अप आणि ऑफ चुलतभाऊ! हे वाचायला म्हणून आज लॉगिन केल्याचं सार्थक झालं.

खडूस

बरं. चुलतभाऊ, कमानी, खाचा, सगळं झालं. आता माझं ऐका.

तुम्ही इंग्रजीत सूत्र शोधताय, आधी मराठीत दाखवा. 'सुटणे' घ्या. गाडी सुटली म्हणजे निघाली. शाळा सुटली म्हणजे संपली. वारा सुटला म्हणजे सुरू झाला. सवय सुटली म्हणजे गेली. घाम सुटला, वास सुटला, पोट सुटलं, नोकरी सुटली, गणित सुटलं. सांगा सूत्र! नाहीच सांगता येणार. आपण हे आईच्या मांडीवर पाठ केलं म्हणून ते पाठ केल्यासारखं वाटत नाही, एवढाच फरक.

अर्धविराम

खडूसकाका, तुम्ही सूत्र नाही हे सिद्ध करायला आलात आणि सूत्रच हातात ठेवून गेलात!

गाडी कशातून सुटली? फलाटाच्या थांब्यातून. शाळा सुटते म्हणजे मुलं सुटतात. वारा, वास, घाम कुठेतरी कोंडलेले असतात. सवय आपल्याला धरून असते किंवा आपण तिला. गणितात तर गाठच असते. प्रत्येक ठिकाणी आधी एक पकड आहे आणि मग ती जाते. ती गेल्यावर काय उरतं ते त्या-त्या वस्तूच्या स्वभावावर. गाडी धावायला लागते, वर्ग रिकामा होतो.

आता खटका यांची कमान इथे आणून ठेवा. गोळी सुटली: 'द गन वेंट ऑफ'. मराठीत जसंच्या तसं! माणूस घरातून सुटला, दूध चवीतून सुटलं, मी त्याच्या मोहातून सुटले (चाफेकळी, तुमच्या वतीने). झोपेच्या वाक्यातही बाळ जागेपणातून सुटलंय. मी इतके दिवस 'ऑफ'चं मराठी 'बंद' धरून चाललो होतो, तिथेच गणित फसत होतं.

जुनी वही

यात एक मरणाची भर घालू का? जॉन्सनच्याच कोशात 'गो ऑफ'चा एक अर्थ 'मरणे' असा दिलेला आहे. 'मॅकबेथ'च्या शेवटी लढाई जिंकल्यावर म्हातारा सिवर्ड म्हणतो, 'सम मस्ट गो ऑफ', म्हणजे काही माणसं कामी यायचीच. थोड्या वेळाने त्याला कळतं की त्या काहींत त्याचा स्वतःचा मुलगा आहे. आज इंग्रजीत हा अर्थ कुणी वापरत नाही. पण फार दिवस अंथरुणाला खिळलेला माणूस गेला की आपण हलक्या आवाजात काय म्हणतो?

'सुटला बिचारा.'

चाफेकळी

बापरे. काटा आला.

बिनपाण्याचा हौद

सुटणेचं प्रयोजक रूपही लावून बघा. सुटणे आणि सोडणे. इंग्रजीत 'गो ऑफ'चं प्रयोजक म्हणजे 'सेट ऑफ' किंवा 'लेट ऑफ'. अग्निबाण 'लेट ऑफ' करतात, आपण सोडतो. गुन्हेगाराला ताकीद देऊन 'लेट ऑफ' करतात, आपण त्यालाही सोडतो! शिकवताना मी आता हेच सांगणार. भाच्याची परीक्षा आहे, गिऱ्हाईक तयार आहे.

खडूस

भाच्याला पाठच करायला सांगा. परीक्षेत सूत्राला गुण नसतात.

(सोडणेचं मात्र मान्य. बरं सापडलंय.)

तिरकी रेघ

नोंद करा, मंडळी. खडूसकाकांनी काहीतरी मान्य केलं.

माझ्या दोन शंका राहतात. 'द मीटिंग वेंट ऑफ वेल' यात काय सुटलं? ओढूनताणून सांगता येईल, पण पटणार नाही. मला तिथे 'पार पडली' जवळचं वाटतं. 'पार' म्हणजे पलीकडचा काठ, तिथेही दूर जाणं आहेच, पण पकड वगैरे दिसत नाही. दुसरी शंका 'शी वेंट ऑफ ऑन मी'ची. ही माझ्यावर घसरली, तोंड सुटलं तिचं. हं, लिहितालिहिता माझंच उत्तर मिळालं. तोंड सुटणे! पहिली शंका तेवढी कायम.

अर्धविराम

पहिलीपुरता मीही हात टेकतो. सगळं एका खुंटीला टांगायचा हट्ट नाही. पंधरापैकी बारा वाक्यं एका शब्दाने उलगडली तर माझ्यासारख्याला पुष्कळ झालं, उरलेली खडूसकाकांच्या पद्धतीने पाठ करू.

निळी शाई

वाचनमात्र होते, राहवलं नाही म्हणून लिहितेय. माझी मुलगी आणि तिच्या मैत्रिणी हल्ली एकमेकींच्या फोटोखाली 'गो ऑफ!' लिहितात. मला वाटलं, हाकलतायत की काय! विचारलं तर म्हणाली, अगं आई, ते कौतुक आहे. म्हणजे साधारण 'होऊ दे, आणखी होऊ दे' असं काहीतरी. तुमच्या सूत्राने बघितलं तर 'सुट' म्हणतायत का त्या तिला?

चाफेकळी

अगदी! खेळात म्हणतो ना, 'आज सुटलाय तो, थांबतच नाही.' पोरी तेच म्हणतायत.

अवांतर: 'मूड ऑफ आहे' हे आपण सर्रास बोलतो, पण इंग्रज असं म्हणत नाही. तो 'इन अ बॅड मूड' म्हणेल. बटणाचा ऑफ आपण परस्पर मनाला लावून टाकला. मला त्यात काही चूक वाटत नाही, उलट बरं जमलंय. फक्त इंग्रजी पत्रात लिहू नका.

खटका

इंग्रजी शिकवणारे एक गमतीचं वाक्य सांगतात: अलार्म वेंट ऑफ, सो आय टर्न्ड इट ऑफ. पहिला ऑफ कमानीचा, दुसरा बटणाचा. माझ्याकडच्या घड्याळांना मागे एक छोटी कळ असते, ती ओढली की हातोडी पुन्हा अडते. म्हणजे यंत्राच्या भाषेत 'टर्न ऑफ' हे पुन्हा पकडणं झालं. इथे तुमचं सुटणे उलटं पडतं, अर्धविराम. बघा काय करायचं ते.

अर्धविराम

घातलात खोडा! तिथे सुटणेला शिरकाव नाही, मान्य. बटणाचा 'ऑफ' वेगळा ठेवायचा.

सुधारलेलं पत्रक गेलं एकदाचं. शेवटी असं लिहिलं: 'धोक्याची घंटा वाजू लागताच इमारतीबाहेर पडा. दिवे जाण्याची शक्यता आहे.' बाईंनी दोन्ही ओळींवर काहीही न लिहिता कागद पाठवला. त्यांच्या हिशेबात ही शाबासकी असते, असं सहकारी सांगतात.

पण त्याच पाकिटात पुढचं काम आलंय. पहिलंच वाक्य 'पुट आउट द साइन' आणि चार ओळी खाली 'पुट आउट द फायर'. पाटी बाहेर ठेवायची आणि आग विझवायची आहे. या वेळी सॉफ्टवेअरची सूचना आधीच बंद करून बसलोय.

खडूस

ऑफ केलीत म्हणा.